भित्र्या कुत्र्याची मर्यादा ओळखताना

जवळा बाजार - शेतमालाच्या आवकेचा हंगाम सुरू झाला, की ट्रॅक्टर, टेम्पो आणि मालमोटारींचे हॉर्न, हमालांच्या हाका आणि काट्यावरची गर्दी यांच्या गलक्यात औंढा नागनाथ तालुक्यातील हे बाजारपेठेचे गाव दिवसभर बुडालेले असते. गावातील बहुतेक कुत्री या गलक्यातच जन्मतात, त्यातच वाढतात आणि उभ्या वाहनाच्या सावलीत खुशाल झोपतात. एखादे मात्र पातेले पडल्याचा आवाज होताच बाजेखाली शिरते. पाहुणा दारात दिसला, की परसात पळते आणि तो जाईपर्यंत भाकरीलाही तोंड लावत नाही. राखणीसाठी आणलेले कुत्रेच लपून बसत असेल, तर ते पोसायचे कशाला, असा प्रश्न शेतकरी कुटुंबात निघणे साहजिक आहे. मग त्याला 'धीट' करण्यासाठी ओढून बाजारात नेले जाते, दरडावले जाते, प्रसंगी मारलेही जाते. बहुतेक वेळा गाडे बिघडते ते येथेच.

भीती येते कोठून?

अशा कुत्र्याला पूर्वी कोणी तरी मारले असावे, असा समज सर्वत्र आढळतो. तो नेहमीच खरा नसतो. अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी श्वानांच्या वर्तनाचा प्रदीर्घ अभ्यास केला. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथानुसार, पिल्लाच्या वयाचा तिसरा ते सुमारे बारावा आठवडा हा काळ निर्णायक असतो. या काळात पिल्लाने जी माणसे, जे आवाज, ज्या जागा पाहिल्या, त्या त्याला आयुष्यभर आपल्या वाटतात. जे या काळात समोर आलेच नाही, त्याचा धसका पुढे सहजासहजी जात नाही.

आखाड्यावर जन्मलेले, चार माणसे आणि दोन बैल यापलीकडे काही न पाहिलेले पिल्लू पाचव्या महिन्यात गावात आणले तर काय होत असेल, याची कल्पना यावरून करता येते. त्याला कोणी मारलेले नसते. त्याने जगच पाहिलेले नसते. त्यातच आनुवंशिकतेचाही वाटा असतो. भित्र्या आईची पिल्ले भित्री निघण्याचा संभव अधिक असतो.

एकदा बसलेला धक्का किती खोल जातो, याचे प्रसिद्ध उदाहरण रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलोव्ह यांच्या प्रयोगशाळेतील आहे. सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राड शहराला महापुराने वेढले. पिंजऱ्यातील कुत्र्यांना पाण्यातून पोहत बाहेर काढावे लागले. त्यानंतर त्यांतील काहींचे शिकवलेले प्रतिसाद नाहीसे झाले. एका कुत्र्याला तर पुढे दाराखालून पाण्याची बारीक धार आत सोडली, तरी तोच त्रास पुन्हा सुरू होत असे. त्याच पुरातून वाचलेली इतर कुत्री मात्र पूर्ववत झाली. प्रत्येक कुत्र्याची सहनशक्ती निराळी असते, ती अशी.

भित्रेपणा आणि अलिप्तपणा यांतही फरक केला पाहिजे. मराठवाड्यात सशाच्या शिकारीसाठी पूर्वापार पाळल्या गेलेल्या कारवानी कुत्र्याला परक्याने अंगाला हात लावलेला खपत नाही. ते मान वळवते, दोन पावले मागे सरकते. पण थरथरत नाही आणि अन्नही सोडत नाही. ती त्याची जात आहे, दोष नव्हे.

शेपूट घालणे

मराठीत 'शेपूट घालणे' म्हणजे भ्याडपणा. कुत्र्याच्या बाबतीत मात्र ती धोक्याची सूचना असते. कान मागे पडणे, ओठ वारंवार चाटणे, झोप आलेली नसताना जांभया देणे, पुढचा पाय उचलून धरणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे ही सारी भीतीची लक्षणे होत. या अवस्थेत कुत्र्याला पळायला वाट हवी असते. साखळीने बांधलेल्या किंवा कोपऱ्यात अडवलेल्या कुत्र्याला ती नसते, आणि मग ते चावते. 'भुंकणारे कुत्रे चावत नाही' ही म्हण येथे भरवशाची नाही. बाजेखाली लपलेल्या कुत्र्याला हात घालून ओढणारे मूल सर्वाधिक धोक्यात असते.

चावा झालाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. तिच्यावर हळद, चुना वा तिखट लावू नये आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठून लस सुरू करावी. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळपास अशक्य असते. घरातील कुत्रे कितीही भित्रे असो, त्याचे दरवर्षीचे लसीकरण चुकता कामा नये.

जमिनीखालचा आवाज

हिंगोली जिल्ह्यात या विषयाला आणखी एक पदर आहे. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे व परिसरात, तसेच औंढा नागनाथ आणि कळमनुरी तालुक्यांतील काही गावांत गेली अनेक वर्षे भूगर्भातून गूढ आवाज येतात. २१ मार्च २०२४ रोजी पहाटे सहाच्या सुमारास ४.५ आणि पाठोपाठ काही मिनिटांत ३.६ तीव्रतेचे धक्के जिल्ह्याला बसले. त्याच वर्षी १० जुलैला सकाळी पुन्हा ४.५ तीव्रतेचा धक्का जाणवला.

कुत्र्याला भूकंप आधी कळतो, अशी चर्चा अशा वेळी हमखास होते. ती शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झालेली नाही. माणसाला सुमारे २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, तर कुत्र्याला सुमारे ४५ हजारांपर्यंतचे. मात्र खर्जातील, घुमणाऱ्या आवाजात कुत्र्याचा कान माणसाहून तीक्ष्ण नाही. पत्र्यांची थरथर, भांड्यांचा खडखडाट आणि घाबरून अंगणात धावणारी घरची माणसे हेही त्याला पुरेसे असते. भित्र्या कुत्र्याची भीती साचत जाते. पहाटे हादरा, दुपारी वरातीचा डीजे आणि रात्री फटाके, असा दिवस गेला, तर पुढचे दोन-तीन दिवस ते साध्या हाकेलाही दचकू शकते. त्या दिवसांत त्याच्याकडून काहीही अपेक्षू नये.

काय बदलते, काय नाही

घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतले तर भीती वाढते, हा समज अभ्यासक आता मानत नाहीत. ते स्वतःहून जवळ आले, तर खुशाल थोपटावे. आले नाही, तर ओढू नये. भीतीची वस्तू दूर असताना, कुत्रे शांत असतानाच आवडीचा घास द्यावा आणि अंतर दिवसादिवसाने कमी करावे. या पद्धतीने फरक पडतो, पण त्याला महिने लागतात. कुत्र्याने घास नाकारला, की अंतर चुकले असे समजावे.

काही कुत्र्यांना औषधांची गरज भासते. ती पशुवैद्यकानेच ठरवावीत. औषध दुकानातून आणलेली माणसांची झोपेची गोळी देणे घातक ठरू शकते. केवळ अंग सुस्त करणाऱ्या काही औषधांनी कुत्रे निपचित पडते, आतली भीती मात्र तशीच राहते. जवळा बाजार परिसरातील पशुपालकांना परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय त्यातल्या त्यात जवळ आहे.

इतके करूनही अनेक कुत्री बाजारातून ताठ मानेने चालणार नाहीत, परक्यावर धावून जाणार नाहीत. त्यांच्याकडून राखण होणार नाही, हे मान्य करून राखणीची सोय वेगळी करावी लागते. तेच कुत्रे घरच्या चार माणसांत, ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी जेवण मिळाले, तर वर्षानुवर्षे समाधानाने राहते. त्याला सणाच्या गर्दीत मिरवू नये. महाशिवरात्रीला औंढ्याच्या यात्रेनिमित्त घर पाहुण्यांनी भरणार असेल, तर आतली खोली, पाण्याचे भांडे आणि ओळखीची गोधडी आदल्या दिवशीच तयार ठेवावी. दाराला बाहेरून कडी घालावी आणि कुत्रे आत आहे, हे लहान मुलांना आधीच सांगावे.