प्रतिमेकडून गीताकडे : झाडीमुलखातील कलांचा मागोवा

विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तृतीय खंडात वज्र नावाचा राजा मार्कंडेय ऋषींकडे देवप्रतिमा घडविण्याची विद्या मागतो, तेव्हा ऋषी त्याच्या हाती लगेच छिन्नी देत नाहीत. ज्याला चित्रसूत्र अवगत नाही त्याला प्रतिमेचे लक्षण कळणार नाही, असे ते सांगतात; मग चित्रसूत्रच शिकवा, अशी विनंती राजाने करताच नृत्यशास्त्रावाचून चित्र दुर्बोध राहते, असे उत्तर येते; नृत्याची इच्छा धरावी तर त्याआधी वाद्य जाणले पाहिजे, आणि वाद्याचे मर्म गीताशिवाय हाती लागत नाही. गीतापाशी हा प्रवास संपतो असे वाटते न वाटते तोच ऋषी सांगतात की संस्कृत आणि प्राकृत यांखेरीज गीताचा तिसरा प्रकार अपभ्रष्ट हा होय, आणि देशभाषा अगणित असल्यामुळे त्याला अंत नाही. स्टेला क्रॅमरिश या विदुषीने गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात या खंडाचे इंग्रजी भाषांतर केले, तेव्हापासून कलेतिहासाच्या अभ्यासकांत हा संवाद सुप्रसिद्ध आहे. तथापि कलास्वादाची दीक्षा देणारा इतका आटोपशीर आणि इतका सखोल पाठ आपल्याच परंपरेत आहे, ही गोष्ट मराठी वाचकाला अजूनही मुद्दाम सांगावी लागते.

त्याच मार्कंडेयाच्या नावाने ओळखले जाणारे मार्कंडा हे क्षेत्र गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेचा प्रवाह क्षणभर उत्तरवाहिनी होतो त्या काठावर आहे. ग्रंथ आणि क्षेत्र यांना जोडणारा दुवा नावापलीकडे काही नाही, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. परंतु ऋषींनी घालून दिलेला तो क्रम, प्रतिमेपासून गीतापर्यंत, प्रत्यक्षाशी ताडून पाहावयाचा असेल, तर चंद्रपूर आणि गडचिरोली या अरण्यप्रधान जिल्ह्यांइतका अनुकूल मुलूख मला दुसरा दिसत नाही; कारण येथे दगडात थिजलेली कला आणि कंठातून वाहणारी कला यांच्यामध्ये फार तर एका दिवसाचा प्रवास आहे.

मार्कंड्याच्या देवालयसमूहाचा पहिला सविस्तर वृत्तांत अलेक्झांडर कनिंगहॅम याने दिला. १८७३-७४ आणि १८७४-७५ या दोन वर्षांत मध्यप्रांतात त्याने केलेल्या दौऱ्यांचा अहवाल १८७९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या देवळांची तुलना त्याने खजुराहोशी केली, आणि तेव्हापासून ‘विदर्भाचे खजुराहो’ हे बिरुद या स्थळाला चिकटले ते चिकटलेच. आसपासच्या लोकांना मात्र हे क्षेत्र ‘विदर्भाची काशी’ म्हणूनच ठाऊक आहे. लोक या देवळांना सरसकट हेमाडपंती म्हणतात. पण त्यांच्या शैलीवरून अभ्यासक त्यांचा काळ साधारणतः अकरावे-बारावे शतक मानतात, म्हणजे देवगिरीच्या हेमाद्रीपूर्वीचा. मुख्य देवालयाच्या बाह्यभिंतीवर एकावर एक अशा तीन रांगांत देव, अप्सरा, ऋषी आणि मिथुने यांची दाटी आहे, आणि कनिंगहॅमने मोजलेल्या मानवाकृतींची संख्याच चारशेवर जाते.

अशा भिंतीसमोर उभे राहिलेल्या नवख्या प्रेक्षकाची नजर प्रथम भांबावते, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. कारण ही भिंत एका जागी उभे राहून वाचण्यासाठी रचलेलीच नाही. ती प्रदक्षिणेच्या गतीने उलगडते. भिंत कोठे पुढे येते, कोठे मागे सरते. पुढे आलेल्या भागावर ऊन पडते, खोबणीत सावली साठते. आणि चालणाऱ्याच्या दृष्टीला क्रमाने उजेड व काळोख यांचा जो ठेका जाणवू लागतो, त्या ठेक्यावरच या आकृती बेतलेल्या आहेत. त्यांतील एकाच अप्सरेपाशी थांबावे. शरीराचा भार एका पायावर, दुसरा गुडघ्यात किंचित दुमडलेला, कटी एका अंगाला झुकलेली, खांदे उलट दिशेला कललेले, आणि मान पुन्हा कटीच्या बाजूला वळलेली. उभ्या माणसाचे शरीर स्वाभाविकपणे असे राहत नाही. ते असे राहते ते नर्तनाच्या एका क्षणी, एक पदन्यास संपून दुसरा उचलण्याच्या बेतात असताना. नर्तन कधी पाहिलेच नाही अशा माणसाला ही मूर्ती केवळ वाकडी दिसेल, आणि ज्याने पाहिले आहे त्याला तिच्यातील पुढची हालचालही दिसेल. नृत्यावाचून प्रतिमा कळत नाही, या ऋषिवचनाचा अर्थ मला ग्रंथात समजला नव्हता; तो या भिंतीपाशी समजला.

या देवालयावर पूर्वी वीज पडली, शिखराचा भाग मंडपावर कोसळला, आणि पुढे गोंड राजवटीत खाली भक्कम खांब व कमानी घालून तो सावरण्यात आला. मूळच्या नाजूक कोरीवकामाशेजारी हे स्थूल, अनलंकृत बांधकाम विजोड दिसते, असा अभिप्राय शिल्पज्ञ देतात. मला तो पटत नाही. ज्यांनी ही डागडुजी केली त्यांच्या कारागिरांना पूर्वसूरींची घडण साधणार नव्हती, आणि त्यांनी ती साधल्याचा आवही आणला नाही. छत पडू नये एवढ्यासाठी जे आवश्यक होते ते त्यांनी आपल्या पद्धतीने केले. दोन काळांचे हात एकाच मंडपात स्पष्टपणे वेगळे ओळखता येतात, यात इतिहासाच्या दृष्टीने केवढा लाभ आहे!

गोंडांची स्वतःची दृष्टी पाहावयाची तर चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, यावे. पंधराव्या शतकात खांडक्या बल्लाळशहाने वसविलेले हे नगर, त्याचा परकोट, जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर हे चार दरवाजे, आणि त्यांवर कोरलेला, हत्तीला नमविणारा सिंह, हे त्या राजसत्तेचे दृश्य रूप होय. येथील शिल्पात मार्कंड्याचे लालित्य नाही. सिंहाचे अवयव ठोकळ आहेत, त्याची आयाळ रेषारेषांनी सांगितलेली आहे. परंतु दरवाजाखालून जाणाऱ्याने मान वर करताच जो संदेश त्याला मिळावा असे राजाला वाटत होते, तो एका दृष्टिक्षेपात मिळतो. राजमुद्रेची कला आणि देवालयाची कला यांचे निकष भिन्न आहेत, आणि एकीच्या मापाने दुसरीला मोजणे हा कलास्वादातील सर्वांत मोठा अन्याय होय. अठराव्या शतकाच्या आरंभी राणी हिराईने पती बीरशहाची समाधी बांधविली आणि महाकालीचे देवालय उभारले. चैत्रात तेथे भरणाऱ्या यात्रेला मराठवाड्यापासून तेलंगणापर्यंतचे भाविक येतात. १७५१ मध्ये हे राज्य नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली गेले, आणि १८५४ नंतर इंग्रजी जिल्हा झाले. एक गोष्ट येथे नमूद करण्यासारखी आहे. या प्रदेशाच्या पुराणवास्तूंचा आणि गोंड राजांच्या कारकिर्दींचा आरंभीचा संकलित वृत्तांत आपल्याला एखाद्या कलाग्रंथात सापडत नाही, तो सापडतो मेजर लूसी स्मिथच्या १८६९ च्या जमाबंदीच्या अहवालात. शेतसारा ठरविण्यासाठी गावोगाव फिरणाऱ्या अंमलदाराने दफ्तरात या दगडांचीही नोंद केली, म्हणून त्यांचा माग आज लागतो.

शहराच्या दक्षिणेस लालपेठ भागात उघड्यावर पडलेल्या प्रचंड मूर्ती तर कलास्वादाची शाळाच आहे. रायप्पा नावाच्या वैश्याने एक भव्य शिवालय बांधण्याचा संकल्प केला, त्यासाठी एकेका शिळेतून मूर्ती घडवून घेतल्या, आणि देवालय उभे राहण्यापूर्वीच तो मरण पावला, अशी परंपरा आहे; लोक या स्थळाला अपूर्ण देवालय म्हणतात. त्यांत गणपती आहे, नंदी आहे, मत्स्य-कूर्म आहेत. आणि सर्वांत मोठी जी दशमुखी दुर्गा, ती सुमारे २५ फूट लांब व १८ फूट रुंद असून दहा तोंडांमुळे आसपासचे लोक तिला रावणच समजत आले. पूर्ण झालेल्या देवळातील मूर्तीपुढे आपण हात जोडतो, आणि हात जोडल्यावर ती कशी घडली हे विचारीत नाही. येथे मात्र शिखर नाही, गाभारा नाही, पुजारी नाही, त्यामुळे पाहणाऱ्याला घडणीखेरीज दुसरे काही पाहताच येत नाही. एवढी शिळा खाणीतून कोणत्या उपायाने आणली असेल, ती गाभाऱ्यात उभी करण्याची तजवीज काय योजली असेल, दहा मुखांचा भार एका मानेवर तोलून धरताना कारागिराने रुंदी का वाढविली असेल, असे प्रश्न तेथे आपोआप सुचतात. कलेच्या विद्यार्थ्यांना येथे आणून एक दिवस नुसते बसवावे, असे मला मनापासून वाटते.

चित्राची पायरी या मुलखात अरुंद आहे, आणि तिच्यावर फार रेंगाळण्याचे कारण नाही. गोंडी चित्रकला म्हणून आज जगभर जी ओळखली जाते ती जनगढसिंग श्याम यांनी मध्य प्रदेशातील पाटणगढहून पुढे आणलेली परधानांची कला. ती येथली नव्हे. येथे रेषा आणि रंग सापडतात ते लाकडाच्या आश्रयाने. दक्षिणेकडे भामरागड-एटापल्लीच्या रानात राहणाऱ्या माडियांत आणि सीमेपलीकडील त्यांच्या बस्तरच्या बांधवांत मृताच्या स्मरणार्थ शिळा उभी करण्याची किंवा कोरीव खांब रोवण्याची चाल आहे. व्हेरियर एल्विन याने १९५१ मध्ये मध्य भारताच्या आदिवासी कलेवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या वर्गाच्या लाकूडकामाला मोठा मान दिला आहे. दगडाप्रमाणे लाकूड शतके टिकत नाही, वाळवी आणि पाऊस त्याला काही वर्षांत संपवितात. म्हणून ही कला वस्तूत जतन न होता हातात जतन होते, आणि ज्या पिढीत हात थांबतो त्या पिढीत ती संपते.

आता नृत्य. माडियांचे रेला नृत्य पाहिलेल्या माणसाला वर्तुळ म्हणजे काय हे पुन्हा शिकवावे लागत नाही. हातांत हात गुंफलेली तरुण-तरुणींची साखळी संथ पावलांनी फिरते, नृत्याला आणि गीताला ज्या शब्दाने नाव दिले त्याच शब्दाचे पालुपद पुन्हा पुन्हा येते, आणि पाऊल शब्दावर पडते. नाचणारे आणि गाणारे येथे वेगळे नाहीत, पाहणारेही फार काळ वेगळे राहत नाहीत. नृत्याआधी वाद्य आणि वाद्याआधी गीत हा पुराणातील उतरता क्रम येथे एकाच वर्तुळात सामावलेला आहे.

उत्तरेकडील धानपट्ट्यात, वैनगंगेच्या खोऱ्यात, हाच क्रम निराळ्या रीतीने नांदला. दंडार आणि खडी गंमत हे येथले जुने प्रकार. खडी गंमतीत शाहीर आणि त्याचे साथीदार अखेरपर्यंत उभ्यानेच गातात, ढोलकी व तुणतुणे त्यांच्याजवळच असते, आणि स्त्रीची भूमिका पुरुष नाच्या करतो. दंडारीत गावातीलच माणसे सोंगे घेऊन नाचतात, गातात आणि संवाद म्हणतात. धानाची कापणी उरकल्यावर हाती थोडा पैसा आणि बराच अवकाश येतो; दिवाळीपासून गावोगाव मंडई भरते, दिवसा बैलांच्या शर्यतींचा शंकरपट असतो, पाहुणे दुरून येतात, आणि त्यांची रात्र कशी जावी या व्यावहारिक प्रश्नातून नाटकाला आश्रय मिळाला. याच मुळांतून आजची झाडीपट्टी रंगभूमी वाढली. देसाईगंज म्हणजे वडसा हे तिचे केंद्र. गडचिरोली जिल्ह्याचे रेल्वे स्थानक दीर्घकाळ तेवढे एकच, त्यामुळे मंडळ्यांनी तेथे बिऱ्हाड केले यात नवल नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने शंकरपट बंद पडले आणि २०२३ च्या निर्णयाने त्यांचा मार्ग मोकळा झाला, पण मधल्या वर्षांतही नाटके चालूच राहिली, इतकी ती लोकांची झाली आहेत. याच रंगभूमीच्या सेवेसाठी परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

शहरी समीक्षक या नाटकांना भडक म्हणतात. रात्री दहाच्या सुमारास पडदा उघडून पहाटेपर्यंत चालणारा, उघड्या शेतात हजारो माणसांपुढे होणारा प्रयोग बंदिस्त नाट्यगृहाच्या हळुवार स्वरात होऊ शकत नाही. येथे हावभाव मोठा असावा लागतो, कारण तो शेवटच्या रांगेतील, थंडीने घोंगडीत गुरफटलेल्या म्हाताऱ्यापर्यंत पोहोचला पाहिजे, आणि गाणे मध्येच आले पाहिजे, कारण झोपेशी झगडणाऱ्या प्रेक्षकाला तेच जागे ठेवते. चांद्याच्या दरवाजावरील ठोकळ सिंह ज्या कारणाने योग्य आहे, त्याच कारणाने हा अभिनयही योग्य आहे. शिवाय झाडीबोलीतील विनोद आणि गीते ऐकताना मार्कंडेयांनी सांगितलेला तो तिसरा, अंत नसलेला गीतप्रकार पुराणाच्या पोथीतून उठून समोर उभा राहतो. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकाने या बोलीसाठी आणि दंडारीसाठी आयुष्य वेचले, ते याच जाणिवेने.

चांद्याकडे येणारा प्रवासी बहुधा ताडोब्याचा वाघ पाहून परततो. त्याला माझी एक विनंती आहे. महाशिवरात्रीला मार्कंड्याची यात्रा भरते, आणि झाडीपट्टीचा नाट्यहंगाम त्या सुमारास अजून संपलेला नसतो. दोन दिवस अधिक काढावे. लालपेठेच्या मूर्तींपाशी सकाळ घालवावी, मार्कंड्याच्या भिंतीला पायी प्रदक्षिणा घालावी, आणि रात्री वडशाच्या बाजूला ज्या गावी नाटक असेल तेथे तिकीट काढून पहाटेपर्यंत बसावे.