स्टेशनापासून कोटितीर्थापर्यंत

कोल्हापूर म्हटलें कीं अंबाबाईचें देऊळ, रंकाळा आणि कुस्तीचा हौदा हींच चित्रें डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु या नगरीचें आणखी एक रूप आहे. तें बाजाराचें व कारखान्यांचें. तें पाहावयाचें असेल, तर स्टेशनावर उतरून वाहनाचा मोह टाळावा आणि पायींच चालूं लागावें.

आगगाडी येथें १८९१ सालीं आली. १८९४ मध्यें शाहू छत्रपतींनीं राज्यसूत्रें हातीं घेतलीं व दुसऱ्याच वर्षीं स्टेशनालगत शाहूपुरी ही पेठ वसविली. पंचगंगेच्या कांठीं पिकणाऱ्या उसाचा गूळ रुळांशेजारींच विकला जावा आणि तेथून दूरदेशीं जावा, अशी ही योजना होती. गुळाचे सौदे आज मार्केट यार्डांत होतात. पेठेचें नांव मात्र संस्थापकाची आठवण देत राहिलें आहे.

पुढें दसरा चौक लागतो. तेथें मुसलमान, लिंगायत इत्यादि समाजांच्या विद्यार्थ्यांसाठीं महाराजांच्या आश्रयानें निघालेलीं वसतिगृहें आहेत. ज्या राजानें पेठ वसविली, त्यानेंच खेड्यांतील मुलांस शहरांत राहून शिकण्याची सोय करून दिली, हें येथें ध्यानांत येतें.

थोड्याच अंतरावर टाऊन हॉल दिसतो. मेजर मँट या स्थापत्यविशारदानें आखलेली ही गॉथिक धाटणीची इमारत १८७२ ते १८७६ या काळांत बांधली गेली. आज तींत वस्तुसंग्रहालय आहे. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सांपडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची छोटी ब्राँझमूर्ति तेथें पाहावयास मिळते. रोमन जगाशीं या भूमीचा संबंध किती जुना, याची ती साक्ष होय. समोरील शासकीय रुग्णालय मूळचें आल्बर्ट एडवर्ड यांच्या नांवाचें; तेंहि त्याच शतकांतलें. उपयोग चालू राहिला, म्हणून या दोन्ही वास्तु टिकल्या.

भवानी मंडपावरून खासबागेकडे वळलें, कीं मन खिन्न होतें. महाराजांनीं १९१५ सालीं पुरें केलेलें पॅलेस थिएटर, म्हणजेच केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलें. दुसऱ्या दिवशीं केशवरावांची जयंती होती. सारें शहर हळहळलें, आणि तें पुन्हा उभारण्याचें काम हातीं घेण्यांत आलें.

तेथून कोटितीर्थाच्या बाजूस शाहू मिल आहे. १९०६ सालीं महाराजांनीं या कापडगिरणीचा पाया घातला. २००३ सालीं ती बंद पडली. शेजारच्या उद्यमनगरांत ओतकामाच्या भट्ट्या आणि लेथ अजून चालतात. गिरणीचा भोंगा मात्र आतां वाजत नाहीं. नाट्यगृहाच्या आगीचे लोळ साऱ्यांनीं पाहिले. गिरणीचा क्षय सावकाश झाला. त्याचें दुःख कामगारांच्या घरांबाहेर फारसें गेलें नाहीं.

या जागेवर महाराजांचें स्मारक करण्याचा विचार अनेक वर्षें चालू आहे. तो स्तुत्यच आहे. परंतु स्मारकासाठीं गिरणीच्या जुन्या वास्तु पाडल्या जाऊं नयेत. राजवाडे जपावेत हें कोणासहि पटतें. जेथें हजारों हातांनीं सूत काढलें, कापड विणलें, ती भिंतहि इतिहासच होय. महाराजांचें स्मारक तेथें १९०६ पासूनच उभें आहे. तें राखणें एवढेंच उरलें आहे.