एका शब्दाचा इतिहास : केनन आणि ‘कंटेनमेंट’

परराष्ट्र धोरणाचा इतिहास आपण सहसा तह, युद्धे आणि शिखर परिषदा यांच्या आधारे वाचतो. तो भाषेचाही इतिहास असतो, हे साहित्याच्या अभ्यासकांनी तरी विसरू नये. अमेरिकेच्या शीतयुद्धकालीन धोरणाचे उदाहरण या दृष्टीने आम्हाला विशेष उद्बोधक वाटते.

२२ फेब्रुवारी १९४६ रोजी मॉस्कोतील अमेरिकी दूतावासातून जॉर्ज केनन यांनी वॉशिंग्टनला पाच हजारांहून अधिक शब्दांची एक तार पाठवली. त्या वेळी ते आजारी होते. मजकूर त्यांनी अंथरुणातूनच सांगितला. सोव्हिएत राज्यकर्त्यांचा संशयीपणा केवळ मार्क्सवादातून आलेला नाही, त्यामागे रशियाची जुनी असुरक्षितता आहे, हे त्यांचे निदान. पुढे जुलै १९४७ मध्ये ‘फॉरिन अफेअर्स’मध्ये ‘एक्स’ या नावाने त्यांचा लेख प्रसिद्ध झाला आणि त्यातील ‘कंटेनमेंट’ हा शब्द एका महासत्तेच्या धोरणाचे नाव बनला.

या शब्दाला मराठीत काय म्हणावे? ‘आवर घालणे’, ‘रोखणे’, ‘कोंडून धरणे’ असे पर्याय सुचतात. पण आवर घालण्यास संयम पुरतो, कोंडून धरण्यास पहारा लागतो. अनुवादकाची ही अडचण तेव्हाच्या अमेरिकी वाचकांपुढेही होती. वॉल्टर लिपमन यांनी त्याच वर्षी लेखमालेतून टीका केली, की या धोरणापायी अमेरिकेला जगभर, शत्रू निवडील त्या जागी, शक्ती खर्चावी लागेल. १९५० मध्ये पॉल नित्झ यांच्या पुढाकाराने सिद्ध झालेल्या ‘एनएससी-६८’ या गोपनीय दस्तऐवजाने लष्करी अर्थ पक्का केला. त्याच जूनमध्ये कोरियन युद्ध पेटले आणि काही वर्षांतच अमेरिकेचा संरक्षणखर्च तिपटीच्या पुढे गेला.

आपल्याला राजकीय प्रतिकार अभिप्रेत होता, लष्करी नव्हे, असे केनन यांनी १९६७ च्या आत्मचरित्रात लिहिले आणि आपल्या मांडणीतील संदिग्धताही मान्य केली. त्याआधी १९६६ मध्ये सिनेटच्या समितीसमोर त्यांनी व्हिएतनाम युद्धाविरुद्ध साक्ष दिली होती. परंतु मूळ लेखात ‘काउंटरफोर्स’ हा शब्दही त्यांचाच होता. वाचकांनी तो शब्दशः घेतला, तर सगळा दोष वाचकांचा कसा म्हणावा?

योगायोग असा, की विमसॅट आणि बिअर्डस्ली यांनी लेखकाचा हेतू हा अर्थाचा निकष नव्हे, असे १९४६ मध्येच मांडले होते. कवितेपुरता हा सिद्धांत आपण वर्गात सहज शिकवतो. कवितेच्या चुकीच्या वाचनाची किंमत फार तर एक वाद असते; राज्यकारभाराच्या गद्याची किंमत माणसे प्राणांनी मोजतात.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला. ती व्यवस्था अंतर्विरोधांनी खचेल, ही केनन यांची अपेक्षा खरी ठरली. तरीही शस्त्रबळाचे समर्थक आणि संयमाचे पुरस्कर्ते या दोघांनीही विजयाचे श्रेय त्याच एका शब्दाला दिले. १९९७ मध्ये, नव्वदी ओलांडलेल्या केनन यांनी नाटोच्या पूर्वेकडील विस्ताराविरुद्ध इशारा दिला, तेव्हा वॉशिंग्टनने तो मानला नाही.

संदिग्धता ही काव्याची श्रीमंती आहे, असे आपण मानतो. धोरणाच्या गद्यात मात्र ती सत्तेला दिलेली कोरी सही ठरू शकते. म्हणून अशा दस्तऐवजांचे वाचन केवळ राज्यशास्त्राच्या विभागावर सोपवून आपल्याला स्वस्थ बसता येणार नाही, असे आम्हाला वाटते.