मोहितो : एका हिरव्या पेल्याचा इतिहास

वसंत ऋतूतील संध्याकाळी, उन्हाने तापलेल्या श्रोत्यांसमोर थंड पेयाविषयी बोलावयाचे म्हणजे त्यांची तहान वाढविण्याचा अपराध पत्करावयाचा. पन्ह्याविषयी बोललो असतो तर कोणीच काही म्हटले नसते. परंतु आजचा विषय मोहितो हा आहे. पुदिना, लिंबू, साखर, सोडा आणि रम यांचे हे क्यूबा देशातील पेय गेल्या वीसपंचवीस वर्षांत आपल्याकडील हॉटेलांच्या पाट्यांवर येऊन बसले आहे. त्याचा उच्चार कोणी मोजिटो करतात, कोणी मोजितो. स्पॅनिश भाषेत तो मोहितो असा आहे, आणि त्याचा आपल्या मोहित्यांशी काही संबंध नाही हे आरंभीच सांगून टाकतो. क्यूबात लिंबाच्या रसाच्या आंबट कालवणाला ‘मोहो’ म्हणतात, त्याचेच हे लाडके रूप असावे असे बहुतेकांचे मत आहे. ओले या अर्थाच्या ‘मोहादो’ शब्दाकडेही काहीजण बोट दाखवितात.

या पेयाची जी कथा सर्वत्र सांगितली जाते ती अशी. 1586 साली इंग्रज चाचा सर फ्रान्सिस ड्रेक आपले आरमार घेऊन क्यूबाच्या किनाऱ्यावर आला. खलाशी आजारी होते. तेव्हा उसाचे कच्चे मद्य, लिंबू, साखर व पुदिना यांचे औषध त्यांना देण्यात आले आणि ते बरे झाले. त्या औषधाला ‘एल् द्राके’, म्हणजे ड्रेकचे पेय, असे नाव पडले आणि त्यातूनच पुढे मोहितो झाला.

कथा गोड आहे, पण ती इतिहासाच्या चाळणीतून घालून पाहिली पाहिजे. ड्रेक त्या वर्षी सांतो दोमिंगो आणि कार्ताहेना ही शहरे लुटून हवानासमोर आला होता, आणि त्याच्या जहाजांवर तापाने बरीच माणसे मेली होती, हे खरे. हवानावर हल्ला न करताच तो निघून गेला हेही खरे. परंतु उसाच्या मळीपासून मद्य गाळण्याचा धंदा कॅरिबियन बेटांत जोमाने सुरू झाल्याचे भक्कम पुरावे मिळतात ते सतराव्या शतकातले. रिचर्ड लिगन हा इंग्रज 1647 ते 1650 या काळात बार्बाडोस बेटावर राहिला. 1657 साली छापलेल्या त्याच्या ग्रंथात या मद्याचे ‘सैतानमार’ अशा अर्थाचे नाव आले आहे. म्हणजे ड्रेकनंतर साठ वर्षांनी. ‘द्राके’ हे नाव जुने आहे यात शंका नाही. 1833 साली हवानात पटकीची भयंकर साथ आली, आणि त्या साथीवर रामोन दे पाल्मा याने 1838 साली लिहिलेल्या कथेत एक पात्र रोज अकराच्या ठोक्याला छोटा द्राके घेत असल्याचे सांगते. पण अडीचशे वर्षांनंतर उल्लेख सापडला म्हणजे मूळ प्रसंग सिद्ध झाला असे होत नाही. आपल्याकडेही अशा आख्यायिका कमी नाहीत. फक्त तिथे ड्रेकच्या जागी दुसरे कोणी असते.

त्या पटकीविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ती साथ बंगालमधून निघून पृथ्वी ओलांडीत हवानापर्यंत गेली होती. लिंबाच्या तीव्र आंबटपणात पटकीचा जंतू तग धरीत नाही हे आता प्रयोगाने ठाऊक झाले आहे. म्हणून द्राके पिणाऱ्यास थोडा लाभ झालाही असेल, पण तो लिंबाचा. मद्याने पटकी बरी होत नाही.

तेव्हा ड्रेकला नमस्कार करून आपण पेल्यातील जिनसांकडेच वळू. त्यांतील एकही मूळची क्यूबाची नाही. ऊस न्यू गिनीकडून निघाला आणि त्याच्या रसाची दाणेदार साखर करण्याची कला भारतात सिद्ध झाली. आपल्या ‘शर्करा’ शब्दाचेच फारसीत शकर, अरबीत सुक्कर आणि स्पॅनिशमध्ये आसुकार झाले. लिंबाचे घर आसामपासून मलायापर्यंतच्या पट्ट्यात. अरबांनी ते भूमध्य समुद्रापर्यंत नेले. 1493 साली कोलंबस दुसऱ्या सफरीवर निघाला तेव्हा कॅनरी बेटांतून त्याने उसाची कांडी आणि लिंबूवर्गीय फळांचे बी बरोबर घेतले. पुदिन्याच्या जाती जुन्या जगातल्याच. क्यूबात या पुदिन्याला ‘येर्बा बुएना’, म्हणजे चांगली वनस्पती, असे साधे नाव आहे.

लिंबाचा प्रश्न एवढ्यावर सोडता येत नाही, कारण त्याने हजारो माणसांचे प्राण वाचविले आहेत. वास्को द गामा 1498 च्या ऑक्टोबरात कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून परत निघाला. वारे उलट असल्याने आफ्रिकेचा किनारा गाठण्यास त्याला सुमारे तीन महिने लागले. हिरड्या सुजून दातांवर चढू लागल्या, अंग काळेनिळे पडू लागले, आणि तीसएक माणसे दगावली. हाच तो स्कर्व्ही रोग. मालिंदी बंदरात पोहोचल्यावर आजाऱ्यांसाठी संत्री मागविण्यात आली, म्हणजे खलाशांना उपाय तेव्हाच ठाऊक होता. तरीही पुढची तीनशे वर्षे माणसे मरतच राहिली. 1747 साली ‘सॉल्सबरी’ जहाजावर जेम्स लिंड या वैद्याने बारा रोगी निवडले आणि दोघादोघांना वेगवेगळे उपाय देऊन पाहिले. ज्या दोघांना रोज दोन संत्री व एक इडलिंबू मिळाले, ते सहा दिवसांत जवळजवळ खडखडीत झाले. इतका स्वच्छ प्रयोग! 1753 मध्ये तो छापूनही आला. परंतु इंग्रजी आरमाराने हा रस नियमाने देण्यास 1795 साल उजाडावे लागले. शिवाय लिंडने स्वतःच रस आटवून साठवावा अशी शिफारस केली होती, आणि आटविण्याने त्यातील गुणच नाहीसा होतो, हे कोणास माहीत नव्हते.

याच आरमारात रम आणि लिंबू एकत्र आले. 1740 साली ॲडमिरल व्हर्नन याने हुकूम काढला की, खलाशांना रोज मिळणारी अर्धा पाइंट रम निखळ न देता चौपट पाण्यात मिसळून द्यावी. खलाशी झिंगून डोलकाठीवरून पडत, हे कारण. ज्यांना चव हवी असेल त्यांनी लिंबू व साखर विकत घेऊन त्यात घालावी, असेही त्याने सुचविले. व्हर्नन ‘ग्रोग्रॅम’ नावाच्या जाड कापडाचा डगला घाली, म्हणून त्या पेयाला ‘ग्रॉग’ नाव पडले. रमचा हा रोजचा रतीब इंग्रजी आरमारात 31 जुलै 1970 पर्यंत चालू होता.

पण व्हर्ननच्या आधी शंभर वर्षे हीच युक्ती इंग्रजांनी आपल्या किनाऱ्यावर शिकली होती. शिवकालाच्या अभ्यासकांना जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर परिचित आहे. 1675 साली तो जुन्नरला जाऊन आला होता. गोव्याजवळच्या नेरूळ गावी माडाचे मद्य उत्तम निघते आणि त्यापासून इंग्रज लोक ‘पंच’ नावाचे गलितगात्र करणारे पेय बनवितात, असे तो लिहितो. पाच जिनसा म्हणून पंच, असा उलगडाही तोच करतो. मद्य, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला असा त्या काळच्या पंचाचा सर्वसाधारण मेळ असे. या व्युत्पत्तीला आक्षेप घेणारे विद्वान आहेत. ‘पंचन’ नावाच्या पिंपाकडे ते बोट दाखवितात. आपल्याला आपली व्युत्पत्ती आवडणे साहजिक आहे, म्हणून तिच्याकडे अधिक कठोरपणे पाहिले पाहिजे. परंतु फ्रायरने ती ऐकली ती इथेच, एवढे नक्की. मोहितोतही जिनसा पाचच आहेत, फक्त मसाल्याच्या जागी पुदिना आला. दोन्ही पेये एका कुळीची आहेत असे मी म्हणतो. एकातून दुसरे निघाले असे मात्र म्हणत नाही.

आता रम. साखर कारखान्यांच्या मुलखात राहणाऱ्यांना मळी म्हणजे काय हे सांगावयास नको. साखरेचे दाणे निघून गेल्यावर उरणारा काळा चिकट पाक तो हाच. पाणी घालून तो आंबविला आणि गाळला की रम होते. म्हणजे रम हे साखरेचे उपफळ आहे, आणि म्हणून साखर कोणी पिकविली हा प्रश्न टाळून रमचा इतिहास सांगता येत नाही.

1791 साली हैती बेटावर गुलामांनी बंड केले आणि जगातील सर्वांत मोठे साखरेचे आगर कोसळले. त्या गुलामांनी स्वातंत्र्य मिळविले, पण बाजाराला साखर हवीच होती. ती मागणी क्यूबाच्या मळेवाल्यांनी उचलली. पुढच्या पाऊणशे वर्षांत तेथे गुलामांचा जो पूर लोटला त्याला आधीच्या काळात तोड नाही. एकंदर सात ते आठ लाख आफ्रिकी माणसे क्यूबात उतरविली गेली. जहाजांतच मेली ती वेगळी. गळिताच्या हंगामात चरक रात्रंदिवस चाले. कांडे सारणाऱ्याचा हात चरकात सापडला तर तो तोडून माणूस सोडविता यावा म्हणून जवळ एक कोयता टांगून ठेवण्याची वहिवाट कॅरिबियन मळ्यांत होती. त्या कोयत्याची नोंद वाचल्यापासून, खरे सांगतो, रमच्या बाटलीवरील ऊसतोडणीची रंगीत चित्रे मला पाहवत नाहीत. 1847 पासून सव्वा लाखाच्या आसपास चिनी मजूर करारावर आणले गेले. त्यांची स्थितीही फारशी निराळी नव्हती. क्यूबातील गुलामगिरी संपली ती 1886 साली.

ही गोष्ट दूरदेशची वाटत असेल तर मॉरिशसकडे पाहावे. 1834 पासून, इंग्रजी साम्राज्यात गुलामगिरी बंद होत असता, तेथील उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून करारी मजूर नेले गेले. त्यांत कोकणातून गेलेली मराठी माणसे होती. त्यांचे वंशज आजही तेथे आहेत आणि गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. गळिताच्या मळीपासून तेथेही रम निघत होती.

क्यूबातील रम आरंभी जहाल असे. फाकुंदो बाकार्दी याने 1862 साली सांतियागो शहरात भट्टी घेतली आणि कोळशातून गाळून ती सौम्य व स्वच्छ केली. ही पांढरी रम नसती तर पुदिन्याचा वास वर आलाच नसता. बर्फाची सोयही तोवर झाली होती. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने तळ्यांवरचा बर्फ कापून भुशात बांधला आणि हवानात 1816 साली बर्फघर उभारले. 1833 मध्ये त्याचेच जहाज कलकत्त्यास आले. मग 1920 साली अमेरिकेने दारूबंदी केली आणि तहानलेले अमेरिकन बोटींतून हवानाला लोटू लागले. 1933 मध्ये बंदी उठेपर्यंत हवानाचे बार जगप्रसिद्ध झाले होते. ‘स्लॉपी जोज’ या बारने 1930 नंतर काढलेल्या पुस्तिकांत मोहितो त्याच नावाने भेटतो. 1942 साली सुरू झालेल्या ‘ला बोदेगिता’ या दुकानाच्या भिंतीवर हेमिंग्वेच्या हस्ताक्षरात मोहितोची प्रशस्ती लावलेली आहे. ते हस्ताक्षर खरे नसावे असे जाणकार म्हणतात. ड्रेकसारखाच हाही प्रकार. दुकानाला थोर माणसाची शिफारस लागते, आणि ऊस तोडणाऱ्याचे हस्ताक्षर कोणीच भिंतीवर लावीत नाही.

व्याख्यानानंतर कोणीतरी हळूच कृती विचारणार, म्हणून ती येथेच देतो. उंच पेल्यात दोन चहाचे चमचे साखर व अर्ध्या मोठ्या लिंबाचा रस घ्यावा. पुदिन्याची आठदहा पाने टाकून लाकडी दांड्याने हलकेच दाबावीत. चटणीसारखी वाटू नयेत. पुदिन्याचा सुवास पानाच्या पृष्ठभागावरील बारीक ग्रंथींत असतो आणि तो नुसत्या दाबाने सुटतो. पान वाटले की आतला कडवटपणा उतरतो. मग पन्नास मिलिलिटरच्या आसपास पांढरी रम, फोडलेला बर्फ आणि वर सोडा. सोडा जोरात ढवळू नये. लिंबू आपले कागदीच घ्यावे. युरोप-अमेरिकेत आता बिनबियांचे मोठे लिंबू वापरतात, परंतु कॅरिबियन बेटांत शतकानुशतके रुजलेले लिंबू हे आपल्या कागदी लिंबाच्याच जातीचे आहे. या एका बाबतीत मंडईतली भाजीवाली हवानाच्या अधिक जवळ आहे.

1949 च्या कायद्यान्वये आपल्या राज्यात मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो, हे सांगणे माझे कर्तव्य आहे. तो ज्यांच्यापाशी नाही, किंवा ज्यांना मद्य नकोच आहे, त्यांनी रम वगळून बाकी सारे तसेच करावे आणि चवीला चिमूटभर सैंधव घालावे. गोटी सोड्याची बाटली मिळाली तर फारच उत्तम.