पेठ, दुकान आणि गाळा : खर्डा परिसराच्या संदर्भात व्यापारी वास्तूंच्या विक्री-भाडेव्यवहाराचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मराठ्यांच्या इतिहासात खर्डा हे नाव ११ मार्च १७९५ च्या लढाईमुळे सर्वपरिचित झाले आहे. निजामअलीचा या ठिकाणी झालेला पराभव, खर्ड्याच्या किल्ल्यात त्याने घेतलेला आश्रय आणि त्यानंतरचा तह यांवर विपुल लेखन झाले आहे. मात्र ज्या गावाच्या नावाने ही लढाई ओळखली जाते ते गाव लढाईच्या आधी आणि नंतरही एक नांदती बाजारपेठ होते, याकडे इतिहासलेखनात फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. लढाई अल्पावधीतच आटोपली. बाजार पिढ्यान्‌पिढ्या भरत राहिला.

प्रस्तुत शोधनिबंधात दुकान व कचेरीसाठी बांधलेली लहान वास्तू गिऱ्हाइकापर्यंत कशी पोहोचविली जात असे, म्हणजेच तिची विक्री किंवा भाडेव्यवहार कोणत्या मार्गांनी होत असे, या प्रश्नाचा मागोवा खर्डा व त्याच्या भोवतालचा प्रदेश डोळ्यांसमोर ठेवून घेतला आहे. वास्तू रिकामी राहण्याचा धोका कोणी पत्करायचा, हा या व्यवहारातील कळीचा मुद्दा होय. त्याचे उत्तर प्रत्येक काळात वेगळे मिळते.

निंबाळकरांचे खर्डा

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यात, बालाघाटाच्या पायथ्याशी वसलेले खर्डा हे निजामाच्या दरबारातील मातब्बर सरदार निंबाळकर यांचे ठाणे होते. शिवपट्टण या नावानेही ओळखला जाणारा येथील भुईकोट किल्ला अठराव्या शतकाच्या पूर्वार्धाच्या अखेरीस सुलतानराव निंबाळकर यांनी बांधला. गावाच्या मध्यभागी त्यांचा वाडा होता. किल्ला, वाडा आणि पेठ या तिन्हींची सांगड दख्खनमधील सरदारी ठाण्यांत सर्वत्र आढळते. सरदाराला फौजेसाठी धान्य, वैरण, कापड व रोकड लागे, तर व्यापाऱ्याला संरक्षण व हमखास गिऱ्हाईक. एकाची गरज दुसऱ्याच्या सोयीची होती.

खर्ड्याचे भौगोलिक स्थानही पेठेला अनुकूल होते. बालाघाटाच्या पठारावरून उतरणारा माल पश्चिमेकडे, पुण्याच्या दिशेने जाताना येथे हात बदलत असे. घाटावरचा शेतकरी आणि देशावरचा व्यापारी यांच्या भेटीची ही जागा असल्याने रस्त्याला तोंड असलेल्या ओट्याला येथे मोल होते.

कौल : वास्तूआधी वसाहत

मराठेशाहीत नवी पेठ वसविताना आज अभिप्रेत असलेली जाहिरात नव्हती. तिची जागा कौलाने घेतली होती. कौल म्हणजे सरकारने किंवा सरदाराने दिलेले लेखी अभय. पेठेत येऊन दुकान घालणाऱ्या उदम्याला बखळ जागा मिळे, काही वर्षे पट्टी व मोहतर्फा माफ होई आणि पुढे इस्ताव्याने, म्हणजे चढत्या क्रमाने, कर आकारला जाई. पहिल्या वर्षी काहीच नाही, मग थोडे, मग अधिक आणि शेवटी पूर्ण दर, अशी ही रचना होती. दुकान चालू लागण्यापूर्वीचा तोट्याचा काळ सरकार आपल्या अंगावर घेत असे, हे येथे महत्त्वाचे आहे. रिकाम्या जागेतून काहीच उत्पन्न मिळत नाही, तर वसलेल्या जागेतून जकात, मोहतर्फा आणि पत या तिन्ही गोष्टी मिळतात, हा हिशेब राज्यकर्त्यांना नेमका ठाऊक होता.

पेठेत माणसे आणण्याचे काम शेटे व महाजन या वतनदारांकडे असे. बाजाराची व्यवस्था राखणे, वजनमापांवर लक्ष ठेवणे, तंटे मिटविणे याबरोबरच पेठेची आबादी वाढविणे हेही शेट्याचे कर्तव्य मानले जाई आणि त्याबद्दल त्याला दुकानांकडून ठरावीक हक्क मिळत. आजच्या दलालाशी त्याची तुलना करण्याचा मोह होतो, परंतु ती अपुरी ठरते. दलाल सौदा झाला की मोकळा होतो. शेट्याचे उत्पन्न मात्र दुकान चालू राहण्यावर अवलंबून असल्याने गिऱ्हाईक आणण्याइतकेच ते टिकविण्यातही त्याचे हित होते.

पुण्यातील सदाशिव, नारायण, नाना या पेठांचा विकास याच चौकटीत झाला. पेठेला सत्ताधाऱ्याचे नाव देण्यामागे केवळ गौरवाची भावना नव्हती. या नावामागे उभे असलेले बळ व्यापाऱ्याला दिसावे हाही हेतू असावा. (व्यापारी संकुलांना पुढाऱ्यांची नावे देण्याची आजची प्रथा या दृष्टीने तपासण्यासारखी आहे.) जामखेड तालुक्यातीलच चौंडी येथे जन्मलेल्या अहिल्याबाई होळकर यांनी महेश्वर येथे विणकरांना आश्रय देऊन हातमागाचा उद्योग उभा केला, हेही याच परंपरेचे उदाहरण होय.

या व्यवस्थेची दुसरी बाजू दृष्टिआड करता येत नाही. पेठेतील जागा सर्वांना सारखी खुली नव्हती. जागेची वाटणी बहुधा जातवार व व्यवसायवार होई. ज्या समाजांकडे गावाची दवंडी देण्याचे काम होते त्यांना त्याच बाजारात ओटा मिळण्याची शक्यता जवळजवळ नव्हती. व्यापारी जागेच्या इतिहासात कोणाला जागा देऊ केली गेली याइतकेच कोणाला ती कधीच देऊ केली गेली नाही, हेही पाहिले पाहिजे.

वसाहतकालीन खर्डा : पाचशे व्यापारी आणि पडका वाडा

ब्रिटिश काळातील खर्ड्याचे चित्र इंपीरियल गॅझेटियरमधील नोंदीतून स्पष्ट होते. गावात पाचशेहून अधिक व्यापारी, दुकानदार व सावकार असून धान्य, देशी कापड इत्यादींचा मोठा व्यापार चालतो व मंगळवारी गुरांचा बाजार भरतो, असे त्यात नमूद आहे. निंबाळकरांचा वाडा मात्र भग्नावस्थेत असल्याचे तीच नोंद सांगते. १९०१ च्या खानेसुमारीच्या सुमारास गावाची लोकसंख्या सहा हजारांच्या आसपास होती. याचा अर्थ साधारणतः दर बारा माणसांमागे एक व्यक्ती व्यापार वा सावकारीत होती. केवळ गावाच्या गरजेवर इतकी दुकाने चालणे अशक्य आहे. त्यांचे गिऱ्हाईक गावाबाहेरचे होते, असाच निष्कर्ष निघतो.

या बाहेरच्या गिऱ्हाइकाचा मोठा भाग सीमेपलीकडचा असणार. खर्डा ब्रिटिश हद्दीत होते, तर लगतचे बीड व उस्मानाबाद (आता धाराशिव) हे जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. दोन्ही बाजूंची नाणी निराळी, जकातीचे नियम निराळे, न्यायालये निराळी. अशा सीमेवर भावातील फरक हाच नफा असतो आणि तो पदरात पाडून घेण्यासाठी सीमेलगत दुकान असावे लागते. खर्ड्यातील दुकानाचे मोल त्याच्या दगडामातीपेक्षा या सीमेने ठरविले होते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि या सीमेचे आर्थिक महत्त्व संपले. राष्ट्रीय दृष्टीने हितकारक असलेली ही घटना खर्ड्यासारख्या सीमावर्ती पेठांना मात्र महाग पडली असावी.

त्याआधीच रेल्वेने व्यापाराची दिशा बदलली होती. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू होऊन अहमदनगर रेल्वेने जोडले गेले. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली व पुढे ती लातूरपर्यंत गेली. बालाघाटावरील माल बार्शी व लातूरकडे वळला. खर्ड्याला रेल्वे आलीच नाही.

दवंडी, नोटीस आणि खरेदीखत

विक्रीच्या जाहिरातीचा पहिला कायदेशीर नमुना ग्रामीण महाराष्ट्रात न्यायालयाच्या मार्गाने आला, ही बाब उल्लेखनीय आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश २१ अन्वये जप्त मिळकतीच्या विक्रीची उद्घोषणा मिळकतीजवळ दवंडी पिटून किंवा अन्य रूढ पद्धतीने करावी आणि तिची प्रत मिळकतीच्या ठळक भागावर व न्यायालयाच्या इमारतीवर लावावी, अशी तरतूद आहे. गावकऱ्यांच्या मनात दुकानाची जाहीर विक्री म्हणजे दिवाळे, हे समीकरण त्यातून रुजले. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांची पार्श्वभूमी असलेल्या जिल्ह्यात हे स्वाभाविकही होते. त्यामुळे खुशीची विक्री शक्यतो गुपचूप, नात्यागोत्यात किंवा शेजारच्या दुकानदारालाच करण्याकडे कल राहिला. मोक्याच्या दुकानावर ‘विकणे आहे’ अशी पाटी लावण्याचा संकोच लहान पेठांतून अद्याप पूर्णपणे गेलेला नाही, त्याचे मूळ बहुधा येथे असावे.

खरेदीखतात मिळकतीची ओळख चतुःसीमेने पटविली जाई : पूर्वेस अमुकाचे घर, पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस बोळ. दुकानाच्या बाबतीत या चार दिशांपैकी रस्त्याची दिशा किमतीच्या दृष्टीने निर्णायक असे. एकाच जोत्यावरील पुढचे दुकान आणि मागची वखार यांच्या भावात त्यामुळे मोठी तफावत पडे.

भाडेनियंत्रण आणि पागडी

स्वातंत्र्यानंतर व्यापारी जागेच्या व्यवहाराला निर्णायक वळण १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने दिले. या कायद्याने प्रमाणभूत भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी जोडले. कायदा लागू असलेल्या शहरांत भाडेकरू काढणे दुरापास्त झाले आणि भाडे नाममात्र राहिले. परिणामी मालकाने जागेचे मोल भाड्याऐवजी प्रवेशाच्या वेळीच, पागडीच्या रूपाने वसूल करण्यास प्रारंभ केला. जागा रिकामी राहण्याचा आणि धंदा न चालण्याचा धोका अशा रीतीने पूर्णतः भाडेकरूकडे सरकला. कौलाच्या व्यवस्थेत पहिल्या वर्षांचा तोटा सत्ता सोसत होती. पागडीच्या व्यवस्थेत दुकानदार धंदा सुरू करण्यापूर्वीच आपले भांडवल जागेत अडकवून बसला. हा फरक मूलगामी आहे.

१९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूचा दर्जा दिला. त्यानंतर मालकवर्ग अधिकच सावध झाला. जागा भाड्याने देण्यापेक्षा गाळे विकून मोकळे होण्याची प्रवृत्ती वाढली. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने (अंमल ३१ मार्च २०००) पागडीला मान्यता दिली, वार्षिक चार टक्के वाढीची मुभा दिली आणि करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक केले. याच कायद्याने बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी रुपये वा अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्या यांना भाडेकरू म्हणून मिळणारे संरक्षण काढून घेतले.

या शेवटच्या तरतुदीचा एक परिणाम विशेष लक्षणीय आहे. जो भाडेकरू बाजारभावाने भाडे देतो आणि मुदत संपल्यावर ज्याला कायद्याचा आडोसा नाही, तो मालकाला सर्वांत हवासा वाटतो. तालुक्याच्या गावी लहान इमारत बांधणारा मालक म्हणूनच तळमजल्यासाठी बँकेच्या शाखेची वाट पाहतो. बँक आली की वरच्या मजल्यावर वकील, विमा प्रतिनिधी, पतसंस्था यांची चौकशी सुरू होते. वरचा मजला हा अशा इमारतींचा दुबळा दुवा आहे. जिना चढून जाणारे गिऱ्हाईक किरकोळ दुकानाला लाभत नाही आणि कचेऱ्यांची मागणी लहान गावात मर्यादित असते. त्यामुळे खाली पागडी वा भरघोस अनामत आणि वर कुलूप, असे दृश्य अनेक ठिकाणी आढळते.

ग्रामपंचायत व नगरपरिषदांचे गाळे हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यासाठी ग्रामपंचायतीला जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. तीन वर्षांत दुकानाचा जम बसतो न बसतो तोच फेरलिलावाची टांगती तलवार उभी राहते. त्यामुळे प्रत्यक्षात मुदतवाढी, पोटभाडेकरू आणि थकबाकी यांचे जाळे तयार होते. जाहीर लिलावाने सर्वाधिक बोली मिळते हे खरे, परंतु सर्वाधिक बोली लावणारा उत्तम दुकानदार असतोच असे नाही. इस्ताव्याचा तोल या पद्धतीत नाही.

लहान इमारतीचा ग्राहक

स्थावर संपदा अधिनियम, २०१६ मधील नोंदणीची तरतूद १ मे २०१७ पासून अमलात आली. नोंदणीशिवाय प्रकल्पाची जाहिरात वा विक्री करण्यास त्याने मनाई केली. तथापि ज्या प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक नाही किंवा ज्यातील गाळे आठांपेक्षा अधिक नाहीत, त्याला नोंदणी आवश्यक नाही. लहान पेठांतील बहुसंख्य व्यापारी इमारती याच मर्यादेत बसतात. ज्या ग्राहकाजवळ वकील व वास्तुविशारद यांचा सल्ला घेण्याची ऐपत सर्वांत कमी, नेमका तोच या संरक्षणाबाहेर राहिला आहे.

त्यातच गावठाणातील मालकीच्या कागदपत्रांची अडचण आहे. गावठाणातील अनेक दुकानांचे व्यवहार ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर होत आले आहेत. हा उतारा करआकारणीचा आहे, मालकीचा नव्हे. विक्रेता तो विश्वासाने दाखवितो, खरेदीदारही विश्वासाने घेतो आणि बँक मात्र त्यावर कर्ज देण्यास कचरते. किंमत पडण्याचे हे एक मोठे कारण आहे. गावठाणांचे ड्रोनद्वारे भूमापन करून मिळकत पत्रिका देणारी स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली. जुन्या खरेदीखतांत शेजाऱ्यांच्या नावांनी सांगितलेली चतुःसीमा यामुळे प्रथमच नकाशावर मोजमापासह उतरत आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेले बोळाचे, ओट्याचे व सामाईक भिंतीचे वादही त्याबरोबर चौकशी अधिकाऱ्यांसमोर येत आहेत.