पहिला घास : जव्हार-मोखाड्याच्या इतिहासातील एक उपेक्षित पान

बाळ सहा महिन्यांचे झाले की त्याला अन्नाची चव देण्याची रीत आपल्या समाजात सर्वत्र आढळते. हिंदू घरांत तिला उष्टावण म्हणतात. आपल्या घरांतही आजी मऊ भात बोटांनी कुस्करून नातवाच्या ओठांना लावते. अशा घरगुती प्रसंगालाही इतिहास असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तथापि जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत बालकांच्या पहिल्या घासाचा इतिहास हा तेथील लोकांच्या जगण्यामरण्याचा इतिहास ठरला आहे. त्याचा थोडक्यात मागोवा घेण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान. १९४८ साली ते मुंबई प्रांतात विलीन झाले. शेजारचा मोखाडा मात्र इंग्रजी अमलातील ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्याचा पेटा म्हणून मोडत असे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निर्माण झाला, तेव्हापासून हे दोन्ही तालुके त्या जिल्ह्यात आहेत. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी ही येथील मूळची माणसे. उतारावर नागली, वरई आणि उडीद, खाचरात भात, आणि पहिला पाऊस पडताच रानात उगवणाऱ्या भाज्या, असा त्यांचा आहार.

हा आहार बाळांना अपुरा आहे काय? वस्तुतः तसे नाही. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते; पांढऱ्या तांदळात त्याचा तिसावा हिस्साही नसतो. नागली भिजवून, मोड आणून, वाळवून दळली, तर तिची पेज घट्ट असूनही गिळगिळीत होत नाही आणि लहानशा पोटातही पुरेसे अन्न जाते. १९८० च्या दशकात बडोद्याच्या विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास यांनी मोडाच्या धान्याच्या या गुणाचा शास्त्रीय अभ्यास केला. काय खावे याबरोबर काय कसे खावे, हेही डोंगरातल्या बायकांना ठाऊक असते. शेवळ्याची भाजी त्या आंबट फळाची जोड दिल्यावाचून शिजवीत नाहीत, कारण नाहीतर घसा खाजतो. कडू कंद उकडून वाहत्या पाण्यात ठेवल्याखेरीज त्या कोणाच्या ताटात घालीत नाहीत.

मग बालके दगावली ती का? या प्रश्नाशी निगडित असलेले काही मोलाचे प्रयत्न याच परिसरात झाले. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्यासह बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि पुढे १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. गरिबांची मुले शाळेत येत नसतील, तर शाळेने त्यांच्या अंगणात जावे, हा त्यांचा विचार. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यांच्याच कार्यातून आला. १९७० च्या दशकात जवळच्याच पालघर आणि कासा भागात बालरोगतज्ज्ञ डॉ. पी. एम. शहा यांनी गावातील स्त्रियांना हाताशी धरले. मुलांची नियमित वजने घ्यावीत, घसरणारे मूल वेळीच ओळखावे आणि त्याच्यावर घरच्याच अन्नाने उपचार करावा, अशी त्यांची पद्धत होती.

घसरण नेमकी केव्हा सुरू होते, हे वैद्यकशास्त्राला आफ्रिकेतील मातांनी शिकवले. गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घाना देशात, काम करणाऱ्या डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३५ साली ‘क्वाशिऑरकॉर’ हे एका रोगाचे नाव जगासमोर मांडले. धाकटे भावंड जन्मल्यावर थोरल्याला जडणारा आजार, असा त्या स्थानिक शब्दाचा आशय. अंगावरचे दूध सुटले आणि त्याच्या जागी पुरेसे अन्न आले नाही, म्हणजे मूल सुजते, खंगते. हे दुखणे जव्हारच्या मातेलाही अनोळखी नव्हते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. मात्र ज्या भागातून तो शब्द निघाला, त्याच भागात, जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे, १९९२-९३ साली शंभराहून अधिक बालके मृत्युमुखी पडली. महाराष्ट्र हादरला. हे मृत्यू रोगाचे की भुकेचे, असा वाद अशा वेळी उठतोच. परंतु कुपोषित बालकाला गोवर, हगवण किंवा न्यूमोनिया पुरेसा होतो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या वादाला फारसा अर्थ उरत नाही. त्याच १९९२ साली संसदेने बाटलीचे दूध आणि डबाबंद शिशुआहार यांच्या जाहिरातींवर बंधने घालणारा कायदा केला. वावर-वांगणीच्या मातेला डबा परवडणारा नव्हताच. तिला हवा होता घरच्या वाटीसाठी वेळ.

सहा महिने केवळ आईचे दूध आणि त्यानंतर दुधाच्या जोडीने वरचे अन्न, ही शिफारस जागतिक आरोग्य परिषदेने २००१ साली केली. सहाव्या ते आठव्या महिन्यात दिवसातून दोन-तीनदा आणि पुढे तीन-चारदा भरवावे लागते. नागलीची पेज, वरण, मऊ शिजवून कुस्करलेली भाजी, उकडलेले अंडे यांपैकी नवा पदार्थ एका वेळी एकच द्यावा. घास चमच्यावरून ओघळणारा पातळ नसावा. हात साबणाने धुवावेत, पाणी उकळलेले असावे. शेंगदाणे, फुटाणे अख्खे देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकतात. वर्षाच्या आत मध चाटवू नये. सकाळी रांधलेली पेज सायंकाळी भरवली, तर हगवणीला आमंत्रणच.

या सूचना सोप्या वाटतात. पण दिवसातून तीनदा ताजे रांधायचे, तर आई घरी हवी. पावसाळ्यात ती लावणीला जाते, आणि तेव्हाच घरातले धान्यही सरत आलेले असते. दिवाळीनंतर कुटुंबे वीटभट्ट्यांवर, भिवंडी-वसईकडे, उतरतात. गावच्या अंगणवाडीतले मुलाचे नाव मागे राहते. तीन वर्षांचे मूल अंगणवाडीत चालत येते; सात महिन्यांचे बाळ सहा-सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर राहते. अंगणाची कल्पना थोर होती, पण या वयाच्या बाळासाठी ती अपुरी पडली. २०१६ साली मोखाड्यातील खोच गावच्या बालमृत्यूने हेच दुःख पुन्हा वर आले. त्यापूर्वी, २०१५ साली, राज्य शासनाने अब्दुल कलाम अमृत आहार योजना आणून आदिवासी भागातील गर्भवती व स्तनदा मातांना एक वेळचे ताजे जेवण देऊ केले होते. ते योग्यच झाले. आई उपाशी राहून बाळ पोसले जात नाही.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिन्यांच्या बाळापासून सहा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला अंगणवाडीतून मोफत आहाराचा हक्क दिला आहे. तो हक्क मूल भट्टीवर आले म्हणून संपत नाही. आपल्यापैकी अनेकांची घरे या मातांनी थापलेल्या विटांनी उभी राहिली आहेत. आपल्या गावाच्या शिवारात भट्टी असेल, तर तेथील तान्ह्या मुलांची नावे जवळच्या अंगणवाडीत नोंदली गेली आहेत काय, आणि आईला दुपारी भरवण्यापुरती सवड मिळते काय, एवढी चौकशी धर्मग्रामातील महिला मंडळांना सहज करता येईल. ती या हंगामात व्हावी, असे आम्हाला वाटते.