म्हसे, जिव्या सोमा
(१९३४–१५ मे २०१८). वारली चित्रकार. पालघर जिल्ह्यातील गंजाडचे रहिवासी. लहानपणी आई गेली, त्या धक्क्याने त्यांची वाचाच बसली. मनातले सांगायला मग ते धुळीत रेघोट्या ओढू लागले.

वारली समाजात लग्नघरी चौक (भिंतीवरचे विधिचित्र) लिहिणे हे सुवासिनींचे काम. म्हसे यांच्यासारख्या पुरुषाने त्यात हात घालणे नवलाचेच. त्यांचे साहित्य मात्र घरातले, रानातलेच राहिले: शेणाने सारवलेली पार्श्वभूमी, तांदळाचे पीठ, टोक चावून कुंचल्यासारखी केलेली बांबूची काडी. त्यांची मासेमारीची चित्रे आवर्जून पाहावीत. बारीक रेघांनी विणलेले जाळे जवळजवळ सगळी जागा व्यापते. विधीपलीकडची, रोजच्या जगण्याची वारली चित्रे रुजली ती मुख्यत्वे त्यांच्यामुळे.

१९८९ मध्ये पॅरिसच्या गाजलेल्या ‘मॅजिसियाँ द ला तेर’ प्रदर्शनात ते सहभागी होते. २०११ मध्ये पद्मश्री.